उजळणी तीसपर्यंत, समज दोनपर्यंत

आमची मुलगी साडेतीन वर्षांची असताना तीसपर्यंत उजळणी म्हणत असे. घरी कोणी आले की आम्ही तिला ती हमखास म्हणायला लावत असू. एकदा असेच पाहुणे आले होते. उजळणी झाली, कौतुक झाले. मग शिरा वाढायचा होता म्हणून तिला सांगितले, "जा, चार वाट्या घेऊन ये." ती आत गेली आणि मांडणीवरच्या हाताला लागतील तेवढ्या वाट्या छातीशी धरून घेऊन आली. सात की आठ होत्या. "अगं, चार सांगितल्या ना? आत्ताच तर तीसपर्यंत म्हणून दाखवलंस!" पाहुणे हसले. ती आधी गोंधळली आणि मग रडली. त्यानंतर बरेच दिवस तिने कोणासमोर उजळणी म्हटली नाही.

आमचे काम प्रयोगशाळेतले. मोजमाप हा आमचा रोजचाच व्यवहार. तरीही आपल्या मुलीला नेमके काय येते आणि काय येत नाही, हे आम्ही कधी पाहिले नव्हते. जे कानावर पडले त्यालाच संख्याज्ञान समजून बसलो. तिला शिकवायला आमच्या हाताशी जे पुस्तक होते, ते महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत असते: अंकलिपी.

पुस्तक-परीक्षणे लिहिली जातात ती नव्या पुस्तकांची. जे पुस्तक पिढ्यान् पिढ्या खपत आले आहे आणि लेखकाचे नाव विचारण्याचीही ज्याच्या बाबतीत कोणाला गरज वाटत नाही, त्याचे परीक्षण सहसा कोणी करत नाही. ते येथे करून पाहू. प्रश्न एकच विचारायचा आहे: तीन ते सहा वर्षांच्या मुलाला मोजायला शिकवण्यासाठी अंकलिपी कितपत उपयोगी पडते?

अंकलिपीची जमेची बाजू

आमच्यासमोर या क्षणी तीन-चार अंकलिप्या आहेत. प्रकाशक वेगळे, मुखपृष्ठे वेगळी, पण आतला क्रम जवळजवळ एकच. मुळाक्षरे, बाराखडी, मग १ ते १० हे अंक चित्रांसह, पुढे १ ते १०० चा चौकोनी तक्ता, अंक अक्षरी आणि शेवटी पाढे. आजी-आजोबांच्या वेळच्या अंकलिपीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हेही असे. म्हणजे दुकानातला हिशेब तोंडी करू शकणारा माणूस तयार करणे हा या पुस्तकाचा मूळ हेतू होता, आणि त्या हेतूला ते पुरेपूर उतरले.

या पुस्तकाची किंमत साध्या वहीएवढी असते. अनेक घरांत मुलासाठी विकत घेतलेले ते पहिले आणि कधीकधी एकमेव पुस्तक असते. तेव्हा त्याच्यावर टीका करताना ते फाडून फेकावे, असे आम्ही मुळीच सुचवत नाही. संख्यांची नावे न चुकता, ठरलेल्या क्रमाने पाठ असणे ही मोजणीची एक अटच आहे आणि अंकलिपी ती पुरी करते. आमचा आक्षेप आहे तो हे पाठांतर म्हणजेच मोजणी, असे ती आपल्याला मानायला लावते याला.

मोजणे म्हणजे काय?

मोजणे आपल्याला इतके सोपे झालेले असते की त्यात किती गोष्टी एकत्र गुंफलेल्या आहेत, हे दिसतच नाही. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मुलांच्या संख्येच्या समजेवर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी मोजणीची पाच तत्त्वे सांगितली. समोर पाच चिंचोके ठेवले आहेत असे समजून ती पाहू.

पहिले, एकास एक. प्रत्येक चिंचोक्याला एकच संख्यानाम मिळाले पाहिजे. एकही सुटायचा नाही, एकही दोनदा मोजला जायचा नाही. दुसरे, स्थिर क्रम. 'एक, दोन, तीन' हा क्रम दर वेळी तोच हवा. तिसरे, शेवटच्या शब्दाचा अर्थ. 'पाच' हे केवळ पाचव्या चिंचोक्याचे नाव नव्हे, ते सगळ्या गटाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. चौथे, काहीही मोजता येते: चिंचोके, चिमण्या, टाळ्या, किंवा एक चिमणी आणि चार चिंचोके मिळूनही. पाचवे, सुरुवात कुठूनही केली तरी चालते. उजवीकडून मोजा, डावीकडून मोजा, उत्तर तेच.

आता अंकलिपीला या पाच कसोट्या लावू. स्थिर क्रमात तिला पूर्ण गुण द्यावे लागतील. बाकीच्या चार ठिकाणी ती कमी पडते.

एकास एक संगती हाताने शिकायची असते. मोजलेला चिंचोका मूल बाजूला सरकवते, म्हणून काय मोजले आणि काय राहिले हे त्याला कळते. कागदावर छापलेला पोपट सरकत नाही. लहान मुलाचे बोट एका गतीने पुढे जाते आणि तोंड दुसऱ्या गतीने. चित्रांवर हा घोटाळा लपून जातो, कारण मूल शेवटी 'पाच' म्हणाले की आपण खूश होतो. त्याला पाच म्हणणे सोपे असते. चित्राशेजारी ठळक ५ छापलेलाच असतो आणि हे 'पाचाचे पान' आहे हेही त्याला पाठ झालेले असते. मोजण्याआधीच उत्तर दिले, तर मोजायचे कशासाठी?

चौथ्या तत्त्वाचेही तसेच. पाच म्हटले की पोपट, सहा म्हटले की फुले. हेच पोपट सहाच्या पानावर आणि हीच फुले पाचाच्या पानावर का नसावीत? एका संख्येला एकच चित्र कायमचे चिकटले की संख्या हा त्या चित्राचा गुण वाटू लागतो. शिवाय आमच्यासमोरच्या एका अंकलिपीत १ च्या पानावर पानभर हत्ती आहे आणि ९ च्या पानावर एका कोपऱ्यात मावतील एवढी चिमुकली फुले. एवढ्या लहान वयात 'जास्त' आणि 'मोठे' यांत घोटाळा होतोच. हे पान त्यात भर घालते. शून्याला तर बहुधा स्वतंत्र पानच नसते. दहाच्या उजव्या हाताला एक टिकली म्हणून ते भेटते. रिकाम्या वाटीत किती चिंचोके, हा प्रश्न अंकलिपी विचारत नाही.

पण सगळ्यात मोठी उणीव तिसऱ्या तत्त्वाची आहे, आणि आमच्या मुलीची चार वाट्यांची फजिती तिथलीच होती.

पायऱ्या

गेलमन आणि गॅलिस्टल यांचे म्हणणे होते की ही तत्त्वे मुलांच्या मोजणीला सुरुवातीपासूनच वळण देत असतात. मूल चुकते ते सरावाच्या अभावी. १९९० च्या सुमारास कॅरन विन या संशोधिकेने याची अगदी साध्या रीतीने परीक्षा घेतली. मुलासमोर खेळण्यांचा ढीग ठेवायचा आणि म्हणायचे, "मला एक दे." मग "दोन दे", "तीन दे". बस, एवढेच.

निष्कर्ष मात्र विचार करायला लावणारे होते. काही मुले 'एक' मागितले की एक देत, पण दोन, तीन किंवा पाच मागितले की सरळ मूठभर उचलून देत. काही महिन्यांनी तीच मुले 'दोन' बरोबर देऊ लागत, तीन मात्र नाही. आणखी काही महिन्यांनी 'तीन' येई. यांतल्या अनेक मुलांना उजळणी कितीतरी पुढपर्यंत पाठ होती. या पायऱ्या चढायला मुलाला साधारण वर्ष लागते. त्यानंतर मात्र एक बदल होतो. चार, पाच, सहा हे सुटे सुटे शिकावे लागत नाहीत. शेवटचा शब्द म्हणजे उत्तर, ही गोष्ट एकदा कळली की जिथपर्यंत मूल मोजू शकते तिथपर्यंतच्या सगळ्या संख्या त्याला एकदमच कळू लागतात. काही मुले साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास येथे पोचतात, काहींना बराच जास्त वेळ लागतो.

वाट्यांच्या प्रसंगानंतर आम्ही हे वाचले आणि मुलीसमोर चिंचोक्यांची वाटी ठेवली. तिने एक बरोबर दिला. दोन बरोबर दिले. तीन मागितल्यावर मूठ पुढे आली. म्हणजे उजळणी तीसपर्यंत आणि समज दोनपर्यंत. 'तीन' या शब्दाचा तिच्या लेखी अर्थ 'दोनाहून काहीतरी जास्त' एवढाच होता. आम्ही मागितल्या होत्या चार वाट्या. तिने पुष्कळ आणल्या. तिच्या समजेप्रमाणे ती चुकली नव्हती.

नावांचा भार

येथे कोणी म्हणेल की सगळा दोष मराठी संख्यानामांचा आहे. आपली नावे अवघड आहेत यात शंका नाही. 'दोन' हा शब्द पुढे काय काय रूपे घेतो ते पाहा: बारा, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ ठिकाणी आपण पुढच्या दशकातून एक उणा करतो आणि नव्व्याण्णवला ती रीतही सोडून देतो. बोलताना एकक आधी आणि दशक नंतर, लिहिताना उलट. म्हणून 'एकवीस' ऐकून १२ लिहिणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली असतात.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीने 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले आणि राज्यभर वाद झाला. गणिताच्या समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू मांडली. विरोधकांना भाषेचे नुकसान दिसले. शेजारच्या कन्नड आणि तेलुगूत वीस आधी आणि एक नंतर येतो, तेव्हा ही कल्पना जगावेगळी नव्हती. रूढ शब्दांवर लोकांचा जीव असणे हेही स्वाभाविक होते.

त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. चिनी भाषेत अकराला 'दहा एक', बाराला 'दहा दोन' असेच म्हणतात. केव्हिन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली चिनी आणि अमेरिकन बालकांची तुलना प्रसिद्ध केली. दहापर्यंतच्या उजळणीत दोन्हीकडची मुले सारखीच होती. अकराच्या पुढे चिनी मुले आघाडीवर गेली. पण थोड्या वस्तू मोजण्यात असा फरक आढळला नाही. म्हणजे सोप्या नावांनी उजळणी सोपी होते हे खरे, पण चार वाट्या आणणे त्याने सोपे होत नाही. बालवाडीतल्या मुलाची खरी अडचण एकवीसच्या कितीतरी आधी, तीन आणि चारच्या दरम्यान असते. तिथे नावे अगदी सोपी आहेत, आणि नेमके तिथेच आपण थांबत नाही. अंकलिपीत १० चे पान उलटले की लगेच शंभराचा तक्ता समोर येतो.

"आम्हीही असेच शिकलो"

हा आक्षेप आम्हाला घरातच ऐकायला मिळाला. अंकलिपीवर पिढ्या शिकल्या, त्यांचे काय बिघडले? प्रश्न रास्त आहे. आम्हाला वाटते, त्या पिढ्या केवळ अंकलिपीवर शिकल्या नाहीत. गजगे-सागरगोटे खेळताना, पंगतीत पत्रावळी मांडताना, पत्ते वाटताना त्यांच्या हातून हजारदा मोजणी होत होती. श्रेय मात्र भिंतीजवळ बसून म्हटलेल्या परवच्याला मिळाले. आणि ज्यांचे बिघडले, ते पहिली-दुसरीतच 'गणितात कच्चे' ठरले. त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आजही हेच घडते. ज्या घरात कोणी ना कोणी मुलाला "दोन चमचे दे, अजून एक आण" म्हणत असते, तिथे अंकलिपीची उणीव नकळत भरून निघते. ज्या मुलाच्या आईवडिलांना दिवसभराच्या कामातून तेवढी सवड नसते, त्याच्या वाट्याला फक्त उजळणी येते. बालवाडीतही उजळणीच आली, तर ते मूल पहिलीत शंभरपर्यंत म्हणते, शाबासकी मिळवते आणि ५ अधिक ३ पाशी अडते. पाच म्हणजे आधीच मोजून झालेला गट, हेच त्याला ठाऊक नसते. तेव्हा ते पुन्हा एकपासून सुरू करते आणि आपण त्याला मंद म्हणतो.

करायचे काय?

यासाठी पैसा लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हे करून दाखवले. महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा त्यांनी परिसरातले शंख-शिंपले, बिया, पाने हाताशी घेतली. माँटेसरी पद्धतीत चात्यांची पेटी म्हणून एक साधन असते: ० ते ९ असे खण आणि नेमक्या ४५ चात्या. प्रत्येक खणात त्याच्या अंकाइतक्या चात्या ठेवायच्या. शेवटी एखादी उरली किंवा कमी पडली तर चूक मुलाला स्वतःलाच कळते, आणि शून्याचा खण रिकामा ठेवावा लागतो. काडेपेटीची दहा खोकी आणि झाडूच्या ४५ काड्या घेतल्या की ही पेटी तयार होते.

अंगणवाडीत तर रोज खाऊ वाटला जातो. मुलांनाच ताटल्या मांडू द्या. प्रत्येकासमोर एक ताटली, ही एकास एक संगती. "आज पाच मुलं आली आहेत, किती ताटल्या आणशील?" हे तिसरे तत्त्व. एक ताटली कमी पडली तर रागावण्याची गरज नाही. ज्याच्यासमोर ताटली नाही ते मूलच ओरडून सांगेल.

घरात असलेली अंकलिपीही वापरता येते. चित्राशेजारचा अंक कागदाच्या पट्टीने झाका. प्रत्येक चित्रावर एक चिंचोका ठेवायला सांगा. मग चिंचोके उचलून एका ओळीत मांडा आणि विचारा, "आता किती?" मूल पुन्हा एकपासून मोजू लागले तर समजावे, त्याच्यासाठी शेवटचा शब्द अजून उत्तर झालेला नाही.

प्रश्न कसा विचारायचा यालाही महत्त्व आहे. जाँ पियाजे यांनी १९४१ च्या आपल्या ग्रंथात दाखवले होते की दोन सारख्या ओळींपैकी एक लांबवली की लहान मुले 'हिच्यात जास्त' म्हणतात. पुढे १९७४ मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी तीच ओळ मोठ्यांच्या हातून न विसकटता एका खट्याळ खेळण्यातल्या अस्वलाकडून विसकटवली, आणि कितीतरी जास्त मुलांनी 'सारख्याच आहेत' असे बरोबर उत्तर दिले. या प्रयोगाच्या अर्थावर पुढे वाद झाले. तरी शिक्षकासाठी त्यात एक इशारा आहे. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे आपले आधीचे उत्तर चुकले असणार, असे मूल समजते. म्हणून मुलाने चिंचोके दिल्यावर चेहऱ्यावर काही न दाखवता सर्वांना एकच गोष्ट विचारावी, "हे तीन आहेत का? बघ बरं." बरोबर देणाऱ्यालाही हेच विचारावे.

आमची शिक्षकांना एक विनंती आहे. पंधरा चिंचोके आणि एक वाटी घेऊन आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून एक, दोन, तीन, चार, पाच मागून पाहा. एका मुलाला पाच मिनिटे पुरतात. हजेरीपटात नावापुढे दोन आकडे लिहा: उजळणी किती आणि समज किती. चार महिन्यांनी पुन्हा पाहा. या दोन आकड्यांतले अंतर पाहून आम्हाला जसा धक्का बसला तसा कदाचित आपल्यालाही बसेल. पहिला आकडा वाढवण्याची मग घाई वाटणार नाही.

आमच्या मुलीची उजळणी आम्ही पाच-सहा महिने बंदच ठेवली. वाट्या, चमचे, चिंचोके चालू ठेवले. एका संध्याकाळी जेवायच्या वेळी तिला चार ताटे आणायला सांगितली. तिने एकेक करत चार आणून मांडली, त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आत्या पण येणार आहे ना? मग अजून एक." ती पाचवे ताट आणायला परत आत गेली. आत्या येणार आहे हे आम्ही विसरलोच होतो.

वाचक शिक्षकांनी हा प्रयोग आपल्या वर्गात करून पाहावा आणि हाती आलेले दोन्ही आकडे आम्हाला जरूर कळवावेत.